खचलेल्या मनास कामाचा आधार

नापिकीच्या वर्षानंतर एखादा कष्टाळू शेतकरी घरात बसून राहिलेला दिसतो. औत पडून असते, गुरांना पाणी मुले पाजतात, आणि पारावर ‘त्याला आळस भरला’ असे बोलले जाते. हे निदान बहुधा चुकीचे असते. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, अंग जड वाटणे व कशातही मन न रमणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तो नैराश्याचा विकार असू शकतो. हा विकार बरा होतो.

मन खचले म्हणून माणूस काम टाळतो. काम टळले म्हणजे समाधानाचे प्रसंग घटतात आणि मन अधिकच खचते. हे चक्र तोडावयाचे तर उमेद येण्याची वाट न पाहता लहानसे काम आधी हाती घ्यावे लागते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत हीच पद्धत वापरली. तिचा रुग्णांना लाभ झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांशी या विषयावर मोकळेपणाने बोलण्यास आरंभ केला. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले.

काम कोणते सुचवावे, यात कार्यकर्त्याची खरी कसोटी आहे. ‘कामाला लाग’ हा उपदेश निरुपयोगी होय. तो ऐकून ऐकून माणूस विटलेला असतो. प्रथम त्याचे ऐकून घ्यावे. त्याचा जीव कशात गुंतला आहे, मुलीच्या शिक्षणात, बैलजोडीत की वडिलार्जित विहिरीत, हे विचारावे आणि काम त्याच्याशी जोडावे. ते अर्ध्या तासात पुरे होणारे, वेळ ठरलेले व फळ डोळ्यांना दिसणारे असावे. पेरणीपूर्वीची उगवण चाचणी याचे उत्तम उदाहरण आहे. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे, ओल राखावयाची आणि सुमारे आठवड्याने अंकुर मोजावयाचे. सत्तर किंवा अधिक उगवले, तर बियाणे पेरण्याजोगे. रोज पाणी शिंपडण्यासाठी त्याला उठावे लागते, आणि मिळणारे उत्तर साऱ्या घराच्या उपयोगी पडते. मुलीला मोजणीस बसविले तर अधिकच बरे.

कर्जाचा भार मात्र अशा कामाने हलका होत नाही. त्यासाठी बँकेत व सोसायटीत कार्यकर्त्याने सोबत जाणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

मरणाची भाषा निघाली, तर उपदेश करीत बसू नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, कीटकनाशके व दोर तिच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी हलवावेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.