नियम आहे, पण तो राज्यघटनेत बसतो का?

मी जुहूहून बोलतेय. जुहू म्हटलं की तुम्हाला चौपाटी आठवेल, पण इथे एक जुना विमानतळही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. त्यातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. आजची गोष्ट तिथल्या नोकरदार बायकांची.

१९५३ साली एअर इंडिया सरकारी झाली. तिच्या नियमांत हवाई सुंदरींना पस्तिशीत निवृत्ती होती. मुदतवाढ द्यायची की नाही, ती साहेबांची मर्जी! पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली. पहिल्यांदा दिवस गेले तरी गेली. विमानातच काम करणारे पुरुष मात्र ५८ वर्षांपर्यंत नोकरीत.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झालं, १९८१ साली निकाल लागला. कलम १४ म्हणतं, कायद्यापुढे सगळे समान. म्हणजे फरक करायचाच तर त्याला पटेल असं कारण हवं, मनमानी नको. चार वर्षांनी लग्नाला परवानगी द्यायची आणि दिवस गेले की घरी पाठवायचं, यात कसलं कारण? न्यायालयाने हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान ठरवून ती अट रद्द केली. मुदतवाढीतली मनमर्जीही गेली.

सगळं मात्र जिंकलं नाही. चार वर्षं लग्न न करण्याची अट न्यायालयाने राहू दिली, आणि पुरुषांची नोकरी वेगळ्या वर्गातली म्हणून वयातला फरकही. मला हे आजही पटत नाही.

एक लक्षात घ्या. कलम १४ चा हक्क सरकारकडे मागायचा असतो. त्यात ग्रामपंचायत आली, जिल्हा परिषद आली. खासगी मालकासाठी वेगळे कायदे आहेत. तेव्हा पंचायतीत कुणी ‘नियमच आहे’ म्हणालं, तर तो नियम लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. मग तो कागद घेऊन तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन लावा.