कललेल्या बोटीतली मोरी: एक सायफन आणि न काढलेली आकृती

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीत बर्नुलीचं समीकरण विचारलं तर बहुतेक जण ते न अडखळता फळ्यावर लिहितात. सायफनची आकृतीही छान काढतात. दोन भांडी, मध्ये वाकवलेली नळी, बाजूला उंचीचा फरक. पण "आता हे सगळं वीस अंशांनी तिरकं करा, काय बदलेल?" असं विचारलं की खडू थांबतो. आपण समीकरण शिकलेलो असतो, ते कुठल्या स्थितीसाठी लिहिलंय हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं.

या प्रश्नासाठी मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जुन्या शिडाच्या बोटीतला शॉवर. उदाहरण आपल्यापासून जरा लांबचं आहे, पण गणित अकरावी-बारावीचंच आहे. आणि चुकलं तर बोट बुडते, त्यामुळे सोडवताना लक्ष लागतं!

आधी घरची मोरी आठवा. फरशीला उतार असतो, पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे जातं, खाली नहाणी ट्रॅप. (हा शब्द आपल्याकडच्या इंग्रजी प्लंबिंगच्या पुस्तकांतही असाच छापतात, बरं का.) तिथून पुढे पाइप खाली खाली जात राहतो. सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं, कारण घराच्या खाली अजून "खाली" शिल्लक असतं. बोटीत ते नसतं. लहान बोटीत उभं राहायला उंची मिळावी म्हणून आतली फरशी समुद्राच्या पातळीच्याही खाली ठेवलेली असते. तुम्ही शॉवरखाली उभे असता तेव्हा तुमचे घोटे बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली असतात. फरशीला भोक पाडलं तर पाणी बाहेर जाणार नाही, समुद्र आत येईल.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून एक खरी बोट घेऊ. काँटेसा ३२. डेव्हिड सॅडलर यांचं डिझाइन, १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या लिमिंग्टनला बांधायला सुरुवात झाली. लांबी पावणेदहा मीटर, रुंदी फक्त २.९ मीटर, वजन सव्वाचार टनांच्या आसपास. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत भयंकर वादळ झालं, त्यात सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकच बोट होती, 'असेंट', आणि ती याच जातीची. अशा अरुंद, पाण्यालगत बसणाऱ्या बोटी शिडात वारा भरला की चांगल्याच कलतात. वीस-पंचवीस अंश म्हणजे त्यांची रोजची चाल. पुढची मापं मात्र मी या आकाराच्या बोटीसाठी धरलेली आहेत, अमुक एका बोटीत जाऊन मोजलेली नाहीत.

पूर्वीच्या अनेक बोटींत शॉवरचं पाणी सरळ बिल्जमध्ये सोडलेलं असायचं. बिल्ज म्हणजे फरशीखालचा, बोटीच्या पोटातला सगळ्यात खोल भाग. तिथे पाणी साचलं की बिल्ज पंप ते बाहेर फेकतो. म्हणजे पंप आयताच आहे, मग वेगळा खर्च कशाला? कागदावर हे पटतं. प्रत्यक्षात शॉवरच्या पाण्यात साबण, अंगाचं तेल आणि केस असतात. बिल्जमधल्या इंजिन ऑइलबरोबर त्यांचा चिकट थर तयार होतो, त्याला वास येतो, आणि तो थर बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचवर बसतो. बोट वाचवायला ठेवलेला पंप आंघोळीच्या केसांनी अडकवायचा, हा सौदा मला तरी पटत नाही. लाकडी बोट असेल तर आणखी एक: गोडं पाणी साचून राहिलं की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं, खाऱ्या पाण्यात ती तितकी वाढत नाही.

म्हणून योग्य रचना अशी: शॉवरच्या तळाखाली झाकणाची एक स्वतंत्र पेटी. तिच्यात जाळी, पंप आणि फ्लोट स्विच. पाणी ठरावीक उंचीवर आलं की फ्लोट उचलला जातो, पंप सुरू होतो, पाणी पाइपातून वर चढून बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर पडतं.

पंप दोन प्रकारचे. सेंट्रिफ्युगल पंप स्वस्त, पेटीतच बुडवून ठेवता येतो. पण डब्यावर तासाला १९०० लिटर छापलंय म्हणजे तेवढं पाणी मिळतं असं नाही. तो आकडा पाणी वर न चढवता, पाइपाचा अडथळा नसतानाचा असतो. मीटर-दीड मीटर चढ आणि बारीक पाइप लावला की आकडा बराच खाली येतो. तरी शॉवरमधून मिनिटाला पाच-सहा लिटरच येत असल्यामुळे इथे निभावतं. दुसरा डायफ्रॅम पंप. तो पेटीपासून दूर, कोरड्या जागी बसवता येतो आणि थोडा वेळ कोरडा चालला तरी बिघडत नाही. मात्र त्याच्या आत रबरी झडपा असतात, आणि झडपेत केस अडकला की ती नीट मिटत नाही. त्याच्या आधी गाळणी हवीच. या गाळणीची एक गंमत सांगतो. तिच्या झाकणाचं रबर सैल असेल तर पाणी गळत नाही, हवा आत ओढली जाते, कारण ती बाजू खेचण्याची आहे. पंप घरघरतो, पाणी उचलत नाही, आणि ओला डाग कुठेच दिसत नाही. लोक गळती शोधायला पाणी शोधतात. इथे शोधायची असते हवा.

सेंट्रिफ्युगल पंपाची वेगळी कटकट आहे. तो थांबला की पाइपातलं पाणी परत पेटीत पडतं. १९ मिलिमीटर आतल्या व्यासाचा ३ मीटर पाइप पूर्ण भरलेला धरला तर ते ०.८५ लिटर होतं. पेटीचा तळ २० बाय ३० सेंटिमीटर असेल तर पातळी १.४ सेंटिमीटर वाढते. फ्लोट चालू होण्याच्या आणि बंद होण्याच्या उंचीत याहून कमी फरक असेल तर पंप पुन्हा सुरू होणार, पुन्हा थांबणार, तेच पाणी वर-खाली करत बसणार. उपाय म्हणून पाइपात वन-वे व्हॉल्व्ह टाकायचा मोह होतो, पण केसांचं पाणी असल्यामुळे तोच आधी अडकतो. मी जास्त फरकाचा फ्लोट निवडेन. किंवा फ्लोट काढून साधं बटण लावेन. बटणाचं कारण पुढे येतंय.

आता मुख्य भाग, बाहेर पडायचं तोंड. नियम सगळीकडे एकच लिहिलेला असतो: तोंड पाणरेषेच्या वर असावं. समजा ते २५ सेंटिमीटर वर आहे, मध्यरेषेपासून १.२ मीटर बाजूला. बोट बंदरात उभी असताना आकृती अगदी बरोबर. आता बोट त्या बाजूला २० अंश कलली. तोंड १.२ गुणिले साइन २०, म्हणजे ४१ सेंटिमीटर खाली येतं. मूळची २५ ची उंची कोसाइनने थोडी घटून साडेतेवीस उरते. वजाबाकी केली की तोंड पाण्याखाली साडेसतरा सेंटिमीटर. "पाणरेषेच्या वर" हे वाक्य फक्त उभ्या बोटीसाठी खरं होतं.

तोंड बुडलं म्हणजे लगेच पाणी आत येतं का? नाही, आणि इथेच उदाहरण रंगतं. पाइप मध्ये उंच वळसा घेऊन आला असेल आणि त्यात हवा असेल, तर समुद्र पाइपात स्वतःच्या पातळीपर्यंतच चढतो आणि थांबतो. वळशाचा माथा ओलांडायला त्याला कुणीतरी ढकलावं लागतं. हे काम पंप करतो. बोट कललेली आहे, हिंदकळते आहे. पेटीत तळाला उरलेलं पाणी एका बाजूला येतं, फ्लोट उचलतं, पंप सुरू होतो. कुणी आंघोळ करत नसताना! पाइप टोकापर्यंत पाण्याने भरतो, पेटी रिकामी होते, पंप थांबतो. आता एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला त्याच्या पातळीखालची पेटी, आणि मध्ये भरलेला पाइप. सायफन तयार. सेंट्रिफ्युगल पंप थांबलेला असला तरी त्यातून पाणी उलटं आरामात जातं. डायफ्रॅम पंपाच्या झडपा ते अडवतात, जोवर त्यांत केस नाही तोवर.

किती पाणी येईल? इथे विद्यार्थी हमखास वळशाची उंची समीकरणात टाकतात. तिचा संबंध नाही. तोंड किती खोल बुडलंय याचाही नाही. फरक मोजायचा तो समुद्राची पातळी आणि पेटीतल्या पाण्याची पातळी यांच्यातला. पेटी मध्यरेषेजवळ आणि हा फरक ३० सेंटिमीटर धरू. घर्षण नसतं तर टोरिचेलीच्या नियमाने वेग सेकंदाला २.४ मीटर. पाइपाचं घर्षण, वळणं, आत शिरताना आणि बाहेर पडतानाचा व्यय मिळून लॉस कोइफिशंट साधारण ७ येतो. वेग ७ च्या वर्गमुळाने भागायचा, उरतो ०.९ मीटर. पाइपाचं क्षेत्रफळ २.८४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १५ लिटर. थांबलेल्या पंपाचा अडथळा धरला तर काहीसं कमी. तरी तासाला नऊशे लिटरच्या घरात, बोटीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं.

अर्थात पेटी भरली की फ्लोट पुन्हा पंप चालवेल, पाणी बाहेर जाईल, पंप थांबेल, सायफन पुन्हा सुरू. लाटेत तोंड क्षणभर उघडं पडलं तर सायफन तुटेल, पण पुढच्या वेळी फ्लोटच तो परत लावून देईल. हे चक्र बॅटरी संपेपर्यंत चालतं. बिल्ज पंप बहुधा त्याच बॅटरीवर असतो.

वाईट बसवलेला भाग यात एकही नाही. पेटी ठीक, पंप ठीक, फ्लोट ठीक, तोंड नियमाप्रमाणे. घात होतो तो क्रमाने: कलणं, मग फ्लोट, मग भरलेला पाइप, मग थांबलेला पंप. प्रयोगाची मांडणी तपासताना आपण घटक तपासतो, क्रम तपासत नाही. सिनॉप्सिस लिहिताना तुमच्या उपकरणाच्या सगळ्या स्थितींची यादी करून बघा. चालू, बंद, नुकतंच बंद, अर्धवट भरलेलं, तिरकं. साधारण तिसऱ्या-चौथ्या स्थितीला आकृती उत्तर देईनाशी होते.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र हवेत. पहिला, वळसा बोटीच्या मध्यरेषेवर आणि शक्य तितका उंच. मध्यरेषेवरचा बिंदू २० अंश कलल्यावर आपल्या उंचीतले फक्त ६ टक्के गमावतो, कडेचा बिंदू सगळी उंची गमावून वर बुडतो. जागेच्या अडचणीमुळे लोक वळसा कडेच्या कपाटात लपवतात. मग एका बाजूला कलल्यावर तो निरुपयोगी. दुसरा, माथ्यावर हवा घेणारी छोटी झडप. नुसता उंच वळसा भरलेल्या पाइपात काहीच थांबवत नाही, कारण वातावरणाचा दाब पाण्याला दहा मीटरपर्यंत उचलून धरू शकतो. थांबवते ती हवा. तिसरा उपाय म्हणजे कुशीतल्या भोकावर बंद करता येणारा व्हॉल्व्ह, ज्याला सीकॉक म्हणतात, आणि शिड उभारण्याआधी तो बंद करायची सवय. जुन्या बोटीत तो पितळी आहे का हे बघायला हवं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो, आणि बंद करताना दांडा हातात येतो. तिथे कांस्य हवं.

फ्लोटऐवजी बटण का, हे आता कळलं असेल. बटण दाबायला माणूस लागतो, आणि माणूस सहसा नांगर टाकलेल्या, सरळ उभ्या बोटीत आंघोळ करतो.

विजेचं एक वाक्यात: पंपाला ४ अँपिअर आणि ३ मिनिटं धरली तर ०.२ अँपिअर-तास, म्हणजे किरकोळ. पण तेच ८ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसने तापवायला १२ व्होल्टच्या बॅटरीतून साडेपंधरा अँपिअर-तास लागतात. म्हणून बोटीत गरम पाणी इंजिनाच्या उष्णतेवर करतात.

राहिली ती माथ्यावरची झडप. ती साबण आणि मिठाने बुजते, आणि बुजल्यावर काहीही दिसत नाही. गळत नाही, आवाज करत नाही, पंप नेहमीसारखा चालतो. तपासायची रीत सोपी आहे. व्हॉल्व्ह उघडा, पेटीत बादलीभर पाणी ओता, पंप चालवून बंद करा आणि वळशाला कान लावा. झडप जिवंत असेल तर पाइपातलं पाणी दोन्हीकडे पडताना ती हवा ओढते, हलकासा सुस्कारा ऐकू येतो. काही जण झडपच काढून तिथे बारीक नळी जोडतात आणि तिचं टोक मागे सुकाणूजवळ बाहेर काढतात. पंप चालू असताना त्या टोकातून दोन-चार थेंब पडत असले तर रस्ता मोकळा आहे.