सपाट हँडलाच्या सायकलीचा वेग : केनवडच्या रस्त्यावरील एक गणित

सायकलीच्या वेगाविषयी एक समजूत लोकांत रूढ आहे. शर्यतीच्या सायकलीचे हँडल खाली वाकलेले असते आणि ती सायकल वेगाने धावते. त्या अर्थी वेगाचे रहस्य हँडलाच्या वाकात असले पाहिजे व सपाट हँडलाची सायकल मुळातच मंद असली पाहिजे, अशी ती समजूत होय. तिच्यात सत्याचा अंश आहे. परंतु तो कोठे आहे आणि किती आहे, हे आकड्यांनी तपासल्यावाचून कळत नाही. प्रस्तुत लेखात ही तपासणी वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड या गावची परिस्थिती समोर ठेवून केली आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना घर ते शाळा या प्रवासासाठी सायकली देण्यात येतात, आणि त्यासाठी सुमारे पाच किलोमीटरपर्यंतचे अंतर विचारात घेतले जाते. अशा सायकली बहुतेक सपाट हँडलाच्याच असतात. रोज दोन वेळा पाच किलोमीटर जावयाचे असेल, तर प्रत्येक खेपेस वाचणारी चार-पाच मिनिटे वर्षाअखेर पुष्कळ होतात. ती कशाने वाचतात, हे ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

१. विरोधाची तीन कारणे

येथे ‘सपाट हँडल’ या शब्दाने दोन प्रकार अभिप्रेत आहेत : जुन्या काळ्या सायकलीचे, मुठी स्वाराकडे वळलेले हँडल, आणि अलीकडच्या डोंगरी धाटणीच्या सायकलीचे आडवे सरळ हँडल. दोन्हींत स्वार बराचसा ताठ बसतो. शर्यतीच्या हँडलावर तो पुढे ओणवा होतो.

धावत्या सायकलीला तीन प्रकारचा विरोध होतो. पहिला चाकांचा. टायर जमिनीवर दबतो व पुन्हा फुगतो, त्यात काही ऊर्जा व्यर्थ जाते. हा विरोध वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. दुसरा विरोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तिसरा चढाचा, तो पुन्हा वजनावर अवलंबून असतो. विरोधी प्रेरणेला वेगाने गुणले म्हणजे स्वाराला लावावी लागणारी शक्ती मिळते. याचा अर्थ असा की, हवेशी झुंजण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

हवेचा विरोध मोजताना वाऱ्यापुढे येणारे क्षेत्रफळ आणि आकृतीवर अवलंबून असणारा गुणांक यांचा गुणाकार घेतात. त्यास येथे ‘रोधक्षेत्र’ म्हटले आहे. ताठ बसलेल्या स्वाराचे रोधक्षेत्र सुमारे ०.६ चौरस मीटर, त्याच सपाट हँडलावर कोपरे दुमडून पुढे वाकलेल्या स्वाराचे ०.४५, आणि शर्यतीच्या हँडलावर ओणव्या झालेल्याचे ०.३५ धरता येते. शरीराच्या बांध्याप्रमाणे व कपड्यांप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतात; त्यांचा परस्परसंबंध मात्र साधारण असाच राहतो.

२. केनवडचे गणित

केनवडचा परिसर पाचशे ते सहाशे मीटर उंचीच्या पठारावर, पैनगंगेच्या तालुक्यात आहे. या उंचीवर, हवेचे तापमान ३० अंश असता, हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.०९ किलोग्रॅम येते. समुद्रकाठच्या हवेपेक्षा ती किंचित विरळ असते. स्वार, दप्तर व सायकल यांचे एकत्र वजन ८० किलोग्रॅम धरले आहे. डांबरी सडकेवर, टायरात पुरेशी हवा असता, चाकांचा विरोध वजनाच्या हजारात आठ भाग, म्हणजे सुमारे ६.३ न्यूटन येतो.

ताठ बसलेल्या स्वाराच्या बाबतीत ताशी १६ किलोमीटरच्या आसपास चाकांचा व हवेचा विरोध समसमान होतात. त्याखाली चाकांचे वर्चस्व, त्यावर हवेचे. ताशी १० किलोमीटरसाठी अवघी २४ वॉट शक्ती पुरते; २० किलोमीटरसाठी ९१ वॉट लागते; ३० किलोमीटरसाठी २४० वॉटच्या घरात. वेग तिप्पट झाला, तर शक्ती दसपट झाली. सपाट हँडलाची सायकल ‘पुढे जातच नाही’ असे जे स्वाराला वाटते, त्याचे मूळ येथे आहे.

आता दोन स्वार कल्पावे. एक सामान्य विद्यार्थिनी, जी चाकापर्यंत ७५ वॉट शक्ती पोहोचवीत अर्धा-पाऊण तास सहज चालवू शकते. दुसरा कसलेला शर्यतपटू, २५० वॉट शक्तीचा. शर्यतपटूचे टायर अधिक चांगले असल्याने त्याच्या चाकांचा विरोध हजारात पाच भाग धरला आहे. निर्वात, सपाट सडकेवर त्यांचे ताशी वेग पुढीलप्रमाणे येतात :

सपाट हँडल, ताठ बैठक : विद्यार्थिनी १८.३ किमी, शर्यतपटू ३१.३ किमी.
सपाट हँडल, कोपरे दुमडून : विद्यार्थिनी १९.८ किमी, शर्यतपटू ३४.३ किमी.
शर्यतीचे हँडल, ओणवी बैठक : विद्यार्थिनी २१.१ किमी; शर्यतपटू ३७.१ किमी.

या आकड्यांवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : शर्यतपटूच्या बाबतीत हँडलाचा फरक जवळजवळ सहा किलोमीटरचा आहे, आणि शर्यतीत तो निर्णायक ठरतो. विद्यार्थिनीच्या बाबतीत तो तीन किलोमीटरहूनही कमी आहे. पाच किलोमीटरच्या खेपेत साडेसोळा मिनिटांऐवजी सव्वाचौदा मिनिटे लागतील, इतकाच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : हँडल न बदलता केवळ कोपरे दुमडल्याने यांपैकी निम्मा लाभ पदरात पडतो.

३. हँडल नव्हे, पाठ

हवेशी गाठ पडते ती प्रामुख्याने स्वाराच्या धडाची. लोखंडी नळीची नव्हे. वाकलेले हँडल हे धड खाली आणण्याचे एक साधन आहे, एकमेव साधन नव्हे. एका तासात अधिकाधिक अंतर कापण्याच्या विक्रमांचा इतिहास याला साक्ष आहे. १९३३ साली फ्रान्सिस फोर या फ्रेंच स्वाराने उताण्या बैठकीच्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून १९१४ पासून अबाधित असलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकलींना शर्यतीतून वगळले. १९९३ साली स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने नॉर्वेतील हामार येथे स्वतः बनविलेल्या सायकलीवर ५१.५९६ किलोमीटर अंतर कापले. त्या सायकलीला शर्यतीचे वाकलेले हँडल नव्हतेच; आखूड दांडी छातीच्या लगत होती आणि दुमडलेले हात छातीखाली घेतलेले होते. तीही बैठक १९९४ मध्ये निषिद्ध ठरली. दोन्ही वेळी बंदीचे कारण ठरली ती बैठक. हँडलाच्या आकाराला त्यात दुय्यम स्थान होते.

४. चढ, वारा आणि टायरातील हवा

चढावर चित्र पालटते. पन्नास मीटरला एक मीटर या साध्या चढावर विद्यार्थिनीचा वेग ताठ बैठकीत ताशी १०.८ किलोमीटर आणि ओणव्या बैठकीत ११.३ किलोमीटर येतो. हा फरक नगण्य होय. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढताना शर्यतपटूही हँडलाचा वरचा सपाट भाग धरून छाती मोकळी ठेवतात, त्याचे कारण हेच. वेग कमी झाला की हवेची भीती उरत नाही, आणि मोकळ्या श्वासाला किंमत येते.

समोरून वारा असता मात्र बैठकीचे महत्त्व वाढते. पावसाळ्याच्या तोंडाशी पश्चिमेचा वारा या पठारावर जोराने वाहतो. सेकंदाला चार मीटर वेगाचा वारा समोर असेल, तर तीच विद्यार्थिनी ताठ बैठकीत ताशी ११.६, कोपरे दुमडून १३.१ आणि ओणव्या बैठकीत १४.५ किलोमीटर जाईल. पाच किलोमीटरला अनुक्रमे सुमारे २६, २३ आणि २१ मिनिटे लागतील. दुमडलेल्या कोपरांची खरी कमाई अशा दिवशी होते.

राहिली टायरातील हवा. ती कमी असता चाकांचा विरोध हजारात आठ भागांवरून पंधरा भागांपर्यंत चढतो, असे धरल्यास निर्वात सडकेवर ताठ स्वाराचा वेग १८.३ वरून १५.३ किलोमीटरवर येतो. पाच किलोमीटरला तीन मिनिटांहून अधिक विलंब होतो. शर्यतीचे हँडल लावून जेवढे मिळते, तेवढे किंवा त्याहून किंचित अधिक केवळ मऊ टायरमुळे गमावले जाते. हवा भरण्यालाही मर्यादा आहे. खडीच्या किंवा खाचखळग्यांच्या वाटेवर टायर फार टणक असेल तर सायकल उसळते आणि उसळण्यात शक्ती वाया जाते. तेथे हवा थोडी कमी असणेच हितावह.

५. दातांची मर्यादा

एका गिअरच्या सायकलीला आणखी एक मर्यादा आहे. पुढच्या चक्रीला ४४ व मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतील आणि चाकाचा घेर २.२३ मीटर असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी १९.६ किलोमीटर, ९० फेरे म्हणजे २९.४ किलोमीटर. याहून जलद पाय फिरविणे सवयीवाचून साधत नाही. म्हणजे कसलेला स्वारही अशा सायकलीवर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास अडतो, आणि तो अडतो तो हँडलामुळे नव्हे. विद्यार्थिनीच्या वेगाला मात्र हाच गिअर नेमका जुळतो.

६. निष्कर्ष

सपाट हँडलाची सायकल सामान्य स्वाराच्या पायाखाली ताशी अठरा ते वीस, आणि गिअर अनुकूल असता कसलेल्या स्वाराच्या पायाखाली एकतीस ते चौतीस किलोमीटर वेगाने सपाटीवर जाऊ शकते. शर्यतीच्या हँडलाचा लाभ खरा आहे; पण तो वेगाबरोबर वाढणारा आहे, आणि गावाच्या वेगाला तो अल्प ठरतो. उलट, सपाट हँडलावर मान ताठ राहून दूरचे दिसते, ब्रेक सतत बोटांखाली असतात, आणि खड्डा चुकविताना रुंद पकडीमुळे सायकल ताब्यात राहते. ट्रॅक्टर व मालमोटारींच्या वाटेवरून जाणाऱ्या मुलीला हे गुण दोन मिनिटांहून मोलाचे आहेत.

यातून व्यवहारास उपयोगी असा क्रम मिळतो. प्रथम टायरात हवा. मग साखळीला तेल व सीटची योग्य उंची, कारण सीट फार खाली असता गुडघे दुमडलेलेच राहून पायांची शक्ती वाया जाते. मग हँडलाचा मधला बोल्ट सैल करून ते थोडे खाली घेणे. आणि समोरून वारा असेल तेव्हा कोपरे दुमडणे. नवे हँडल या यादीत सर्वांत शेवटी येते. ज्या शाळेत सायकली वाटल्या जातात तेथे एक चांगला पंप ठेवला, तर त्या सर्व सायकलींचा वेग जेवढा वाढेल, तेवढा हँडले बदलून वाढणार नाही.