पाचच का? सहावा का नाही?

दोस्तांनो, सापशिडीचा फासा घरात आहे ना? घ्या हातात. सहा बाजू, सगळे चौरस, सगळे सारखे. कोणताही कोपरा पाहा, तिथं तीनच चौरस भेटतात. ठिपके खोडून टाकले तर आता वर आलेली बाजू कोणती, हे कुणालाच सांगता येणार नाही! अशा आकाराला गणितात 'सुसम बहुफलक' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण अटी साध्या. सगळी पृष्ठं एकाच मापाची हवीत, आणि प्रत्येक पृष्ठाच्या बाजू आणि कोन एकसारखे हवेत. प्रत्येक कोपऱ्यात सारखीच पृष्ठं एकत्र यायला हवीत. आणि हो, आकार कुठंही आत दबलेला नको.

असे आकार किती असतील? समान बाजूंचा त्रिकोण काढता येतो, पंचकोन काढता येतो, चिकाटी असेल तर शंभर बाजूंची आकृतीही काढता येते. मग असे ठोकळेही अगणित असतील, असं वाटतं. पण नाही. ते फक्त पाच आहेत. 'आजवर पाच सापडले' असं नव्हे हं! सहावा असूच शकत नाही.

विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी घ्या. सारख्या मापाचे समभुज त्रिकोण कापा. त्यांचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. टेबलावर तीन त्रिकोण एका टोकाभोवती लावा. १८० अंश भरले, उरलेली जागा मोकळी. या फटीच्या दोन कडा एकमेकींना चिकटवल्या की मधलं टोक वर उचललं जातं आणि कोपरा तयार होतो. खाली चौथा त्रिकोण लावला की झाला चतुष्फलक. एका टोकाभोवती चार त्रिकोण घेतले की २४० अंश. त्यातून आठ पृष्ठांचा अष्टफलक होतो. पाच घेतले की ३०० अंश, आणि मिळतो वीस पृष्ठांचा विंशतिफलक. (हा चिकटवताना मोठ्यांची मदत घ्या, शेवटचा त्रिकोण फार छळतो!) आता सहा त्रिकोण लावा. ३६० अंश पूर्ण! फटच नाही, तर टोक वर उचलणार कसं? सगळं सपाट राहतं.

सगळी गोम त्या फटीत आहे. चौरसाचा कोन ९० अंशांचा. तीन चौरसांचे २७० अंश होतात, तो आपला फासा. चार लावले की फरशी. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन लावले की ३२४ अंश, फट जेमतेम ३६ अंशांची. पण तेवढी पुरते, आणि बारा पंचकोनांचा देखणा द्वादशफलक उभा राहतो. षट्कोनाचे तीन कोन मिळून थेट ३६० अंश होतात, म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यावर षट्कोन कसे बिनफटीचे बसतात! त्यापुढच्या आकृत्यांचे तीन कोन ३६० अंशांत मावतच नाहीत, आणि तीनपेक्षा कमी पृष्ठांचा कोपरा होत नाही. संपलं.

कोपऱ्याची अट विसरू नका बरं. दोन चतुष्फलक एकमेकांना चिकटवले तर सहा सारख्या त्रिकोणांचा ठोकळा होतो. पण त्याच्या दोन कोपऱ्यांत तीन त्रिकोण आणि बाकीच्या तिघांत चार. म्हणून तो बाद.

ग्रीक गणिती युक्लिड याने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास 'एलिमेंट्स' हा तेरा भागांचा ग्रंथ रचला. त्याच्या शेवटच्या भागात त्याने हे पाचही आकार रचून दाखवले आणि सहावा नसल्याचं असंच कोन मोजून सिद्ध केलं. त्याच्या आधी तत्त्वज्ञ प्लेटो याने चतुष्फलक अग्नीला, घन पृथ्वीला, अष्टफलक हवेला आणि विंशतिफलक पाण्याला वाटून दिला होता. द्वादशफलक उरला, तो अख्ख्या विश्वासाठी!

यापेक्षा मोठं स्वप्न जोहान्स केप्लरला पडलं. १५९५ साली तो ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथं गणित शिकवत होता. वय अवघं तेवीस. तेव्हा सहाच ग्रह माहीत होते. केप्लरला प्रश्न पडला, सहाच का? एके दिवशी वर्गात वर्तुळं काढून शिकवताना त्याच्या डोक्यात चमकलं: सहा ग्रहांमध्ये पाच जागा, आणि ठोकळेही पाचच! शनी आणि गुरूच्या गोलांमध्ये घन बसवला, गुरू आणि मंगळामध्ये चतुष्फलक, मंगळ आणि पृथ्वीमध्ये द्वादशफलक, पृथ्वी आणि शुक्रामध्ये विंशतिफलक, शुक्र आणि बुधामध्ये अष्टफलक. अंतरं बऱ्यापैकी जुळली! १५९६ साली त्याने यावर पुस्तक काढलं. या रचनेचा चांदीचा पेला करावा, असंही त्याने एका ड्यूकला सुचवलं होतं. तो काही पुरा झाला नाही.

पण 'बऱ्यापैकी' केप्लरला पुरेना. अचूक मोजमापं होती टायको ब्राहे याच्याकडे, म्हणून १६०० साली केप्लर प्रागजवळ त्याच्याकडे गेला. मंगळाचा मार्ग वर्तुळात बसवायला त्याने वर्षं घालवली. अखेर एका मांडणीत फरक उरला ८ कलांचा, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण चौथाई. दुसऱ्या कुणी 'चालतंय की' म्हटलं असतं. केप्लरने सगळी मांडणी मोडली, आणि १६०९ साली जाहीर केलं की मंगळ लंबवर्तुळात फिरतो. ग्रहांचा हा नियम आपण आजही शिकतो.

गंमत म्हणजे ठोकळ्यांचं स्वप्न त्याने तरीही सोडलं नाही. १६२१ साली ते पुस्तक पुन्हा छापलं! पुढे १७८१ साली विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. ग्रह सात झाले, मधल्या जागा सहा झाल्या, आणि सहावा ठोकळा आणणार कुठून?

ग्रहांनी दाद दिली नाही, पण हे आकार स्वयंपाकघरात सापडतात. भिंगातून मिठाचे खडे पाहा, छोटे घन दिसतील. तुरटी गरम पाण्यात विरेल तेवढी विरघळवा (गरम पाणी मोठ्यांनीच हाताळावं), गार होऊ द्या, त्यात दोरा सोडा आणि भांडं काही दिवस हलवू नका. दोऱ्यावर स्फटिक धरले की त्यांतला चांगला टोकदार निवडा आणि त्याची पृष्ठं मोजा. नीट वाढलेला असेल तर आठ भरतील.