भातसा, वालधुनी आणि समृद्धीचा वक्र

कसारा मार्गावरील खडवली स्थानकाजवळून वाहणाऱ्या भातसेच्या पात्रात सुटीच्या दिवशी मुंबई-ठाण्याकडची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे उतरतात आणि मुले निःशंकपणे डुंबतात. पण काकोळ्याच्या डोंगरात उगम पावून, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयावरून उल्हासनगर ओलांडीत कल्याणच्या खाडीस मिळणारी वालधुनी अशी झाली आहे, की तिच्यावरील पुलावरून जाणाऱ्याचा हात आपसूक नाकाकडे जातो. एकाच जिल्ह्यातील, एकाच पावसावर पोसलेल्या या दोन प्रवाहांचे प्राक्तन इतके भिन्न का व्हावे?

अर्थशास्त्राचे उत्तर ठरलेले आहे. विकासाच्या आरंभी विषमता वाढते व पुढे ओसरते, असे अनुमान सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये मांडले होते; तशाच आकाराचा वक्र ग्रॉसमन आणि क्रूगर यांना १९९१ मध्ये प्रदूषणाच्या बाबतीत दिसला. प्रथम धूर व सांडपाणी वाढते, परंतु समाज सधन झाला की तो स्वच्छतेचा आग्रह धरतो, कायदे होतात आणि मलिनता उतरणीस लागते, असा हा सिद्धान्त. केनेथ ॲरो प्रभृतींनी १९९५ मध्येच बजावले होते, की ही उतरण आपोआप लाभत नाही, आणि एका ठिकाणची घट म्हणजे कित्येकदा अन्यत्र लोटलेला भार असतो.

आपल्या मुलखाचा दाखला ॲरो यांच्या बाजूचा आहे. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, डोंबिवली-अंबरनाथला कारखाने आले, सहस्रावधी संसारांना भाकरी मिळाली. ते ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. जलप्रदूषणाचा राज्याचा कायदा १९६९ चा, केंद्राचा १९७४ चा. तरीही जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वालधुनीत ओतलेल्या रसायनाच्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. उत्पन्न वाढले, कायदेही झाले. उतरण मात्र आली नाही.

मग भातसा कशी तगली? खडवलीच्या खाली पिसे येथे तिचे पाणी उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा तिचाच असतो. राजधानीची तहान हाच तिचा बंदोबस्त. ज्या शहापूर तालुक्यात तिचे धरण आहे, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट मला त्या वक्राहून अधिक बोलकी वाटते. वालधुनीचे पाणी पिणारा वजनदार कोणी उरला नाही. तिच्या काठी राहतात ती दाटीवाटीच्या वस्त्यांतील माणसे.

उल्हास नदीचा अपवाद येथे विचारात घेतलाच पाहिजे. तिचे पाणी कल्याण-डोंबिवलीकर पितात, तरी ती जलपर्णीने गुदमरते. कारण घाण सोडणाऱ्याची हद्द एका पालिकेत आणि पिणाऱ्याची दुसऱ्या. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटींची भरपाई ठोठावली, तेव्हा कुठे या हद्दींच्या दप्तरांना जाग आली.

आता टिटवाळ्याच्या पलीकडे, खडवली-वासिंदच्या बाजूस, गृहसंकुले सरकत आहेत, आणि लोकांना परवडणारे घर हवेच आहे. त्या इमारतींचे सांडपाणी कोठे शुद्ध होऊन कोठे सोडले जाणार, हे बांधकामाचा परवाना देण्यापूर्वीच नकाशावर दाखवून घेणे ग्रामपंचायतींपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांच्या हाती आजही आहे.