विमानाच्या खिडकीला कोपरे का नसतात?

स्वयंपाकघरातला कुकर आणि भारतात जाताना आपण बसतो ते विमान यांत सारखे काय? दोन्ही दाब कोंडून ठेवणारी भांडी आहेत! इंजिनिअर त्यांना 'प्रेशर व्हेसल' म्हणतात.

कुकरमधल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो जास्त असतो. झाकण २० सेंटिमीटर रुंद असेल, तर त्यावर आतून सुमारे ३१४ किलोंचा रेटा बसतो, म्हणजे जणू चार मोठी माणसे! भांडे गोल असल्यामुळे हा ताण भिंतीत सगळीकडे सारखा वाटला जातो. चौकोनी डब्याच्या सपाट बाजू मात्र फुगू पाहतात आणि कोपऱ्यांवर ताण साचतो.

उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानात हवा दाबून भरावी लागते. त्यासाठी विमानाचे पोट नळीसारखे गोल करतात. पण त्याला खिडक्या तर हव्यातच! पत्र्यातला ताण खिडकीला वळसा घालून जातो. वळण गोल असले तर तो सहज जातो, कोपरा आला की तिथे गर्दी करतो.

हा धडा ब्रिटनला फार महागात पडला. १९५२ साली प्रवाशांना घेऊन उडू लागलेले 'कॉमेट' हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट विमाने इटलीजवळ हवेतच फुटून समुद्रात कोसळली. ५६ माणसे दगावली.

कारण शोधण्यासाठी फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनी एका कॉमेटचे अख्खे धड पाण्याच्या टाकीत ठेवले, आतही पाणी भरले आणि दाब पुन्हा पुन्हा वाढवला, उतरवला. पाणीच का? हवा भरली असती, तर फुटताना बॉम्बसारखा स्फोट झाला असता. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे चीर पडताच दाब उतरतो.

खरी १२२१ उड्डाणे आणि टाकीतली १८३६, अशा एकूण ३०५७ फेऱ्यांनंतर पत्रा फाटला. चीर सुरू झाली होती चौकोनी खिडकीच्या कोपऱ्याजवळ! तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना? तसाच पत्राही थकला होता. यालाच 'धातूचा थकवा' म्हणतात.

पुढच्या कॉमेटना जाड पत्रा आणि गोलसर खिडक्या आल्या. १९५८ साली त्याच विमानाने अटलांटिक पार करणारी पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. आजही प्रवासी विमानांच्या खिडक्यांचे कोपरे गोलसरच असतात.

ओळखा पाहू: गॅस सिलिंडरची दोन्ही टोके सपाट नसून घुमटासारखी का असतात? उत्तर आई-बाबांशी बोलून पुढच्या वर्गात सांगा!