नकाशावरचे मैदान जमिनीवर का उतरत नाही?

दादरच्या शिवाजी पार्कवर दिवस उजाडण्यापूर्वीच वर्दळ सुरू होते. कट्ट्याभोवती चालणारे ज्येष्ठ नागरिक, खांद्यावर किट घेऊन नेट्सकडे निघालेली मुले आणि संध्याकाळी कट्ट्यावर रंगणाऱ्या गप्पा हे चित्र मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. सुमारे २८ एकरांचे हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्या वेळी ते 'माहीम पार्क' म्हणून ओळखले जाई. महापालिकेच्या तत्कालीन सदस्या अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेकडे गेले की हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि तेथील प्रसिद्ध 'फाइव्ह गार्डन' लागते. दादर-माटुंगा परिसराच्या वाट्याला आलेली ही मोकळी जागा उर्वरित मुंबईला हेवा वाटावी अशी आहे.

मुंबईत माणशी किती मोकळी जागा आहे? शहराचा सध्याचा विकास आराखडा तयार होत असताना झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सव्वा चौरस मीटरच्या आसपास आढळले होते. म्हणजे एका माणसाला पाय पसरून झोपता येईल, एवढी चटईभर जागा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनाविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. ही तफावत पाहिली की अनेकांना एक प्रश्न पडतो. आराखड्याच्या नकाशावर जागोजागी हिरव्या रंगात उद्याने आणि मैदाने दाखविलेली असतात. मग ती प्रत्यक्षात का दिसत नाहीत?

आधी मैदान, मग इमारती

दादर-माटुंग्याचे उत्तर इतिहासात सापडते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'ची स्थापना झाली. ट्रस्टने दादर-माटुंगा भागातील जमीन ताब्यात घेतली, रस्ते आखले, बागांसाठी जागा सोडली आणि त्यानंतरच घरांचे भूखंड दिले. शिवाजी पार्कचा परिसरही मैदान मध्यभागी ठेवूनच वसला. मैदान १९२५ मध्ये खुले झाले आणि भोवतालच्या इमारती प्रामुख्याने त्यानंतरच्या दोन दशकांत उभ्या राहिल्या. मैदानाची जमीन आधीच सार्वजनिक संस्थेच्या हाती होती, हे येथे महत्त्वाचे.

आजचा क्रम उलटा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये महापालिका विकास आराखडा तयार करते आणि त्यात उद्याने, खेळाची मैदाने, मनोरंजन मैदाने यांसाठी भूखंड आरक्षित करते. हे भूखंड बहुधा खासगी मालकीचे असतात. आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. मालकाने त्या जागेवर दुसरे काही बांधू नये, एवढेच बंधन आरक्षणामुळे येते. जमीन प्रत्यक्ष ताब्यात आल्याशिवाय तेथे ना झोपाळा लागतो, ना क्रिकेटची खेळपट्टी होते.

जमीन ताब्यात घेण्याचे तीन मार्ग याच कायद्याच्या कलम १२६ मध्ये सांगितले आहेत. मालकाशी वाटाघाटी करून ती विकत घेणे हा पहिला. जमिनीच्या मोबदल्यात वाढीव चटईक्षेत्र किंवा 'टीडीआर', म्हणजे अन्यत्र वापरता येणारा बांधकामाचा हक्क देणे हा दुसरा. सक्तीने भूसंपादन करणे हा तिसरा. शेवटचा मार्ग सर्वांत खर्चिक आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदल्याच्या रकमेइतकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून द्यावी लागते. मुंबईतील जमिनींचे भाव पाहता एकेका मैदानासाठी किती पैसा लागेल, याची कल्पना यावी.

दहा वर्षांचे घड्याळ

आरक्षण अनिश्चित काळ टिकत नाही, ही बाब अनेक नागरिकांना ठाऊक नसते. खासगी मालकाची जमीन वर्षानुवर्षे अडवून ठेवणे अन्यायाचे ठरेल, म्हणून कायद्यात कलम १२७ ची तरतूद आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालक मालकीच्या कागदपत्रांसह महापालिकेला खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही काही घडले नाही, तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजेच ते आपोआप रद्द होते आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते, ते या जमिनीवरही बांधता येते. सूचनेनंतरची ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. ती आधी १२ आणि २०१५ मध्ये २४ महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली.

या मुदतीत 'कार्यवाही' म्हणजे नेमके काय, यावरून बराच काळ वाद होता. महापालिकेने ठराव करून राज्य सरकारकडे प्रस्ताव धाडला की काम झाले, असे मानले जाई. 'गिरनार ट्रेडर्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही पळवाट बंद केली. केवळ प्रस्ताव पाठविणे पुरेसे नाही, संपादनाच्या दिशेने कायद्याने अपेक्षित असलेले ठोस पाऊल पडले पाहिजे, असा या निकालाचा आशय होता. म्हणजे फाइल टेबलावर पडून राहिली, तर मैदान हातचे जाते.

मुंबईचा सध्याचा 'विकास आराखडा २०३४' राज्य सरकारने मे २०१८ मध्ये मंजूर केला आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. म्हणजे त्यातील आरक्षणांची १० वर्षे २०२८ मध्ये पुरी होतात. त्यानंतर मालकांच्या सूचना येऊ लागल्या, तर प्रत्येक भूखंडासाठी २४ महिन्यांत पैसा आणि निर्णय दोन्ही तयार ठेवावे लागतील.

निसटलेल्या जागा

आरक्षण रद्द झाले नाही, तरी जागा अन्य वाटांनी आक्रसते. गिरण्यांच्या जमिनी हे त्याचे मोठे उदाहरण. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा विकास करताना साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि तेवढाच सार्वजनिक घरांसाठी द्यावा, असे सूत्र होते. २००१ मध्ये हा नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला. मात्र मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमातील बदल वैध ठरविला. परळ-दादर पट्ट्यात मोठी उद्याने होण्याची संधी तेथेच संपली.

दुसरा प्रश्न झोपडपट्टीने व्यापलेल्या आरक्षित मैदानांचा. अशा भूखंडांवर पुनर्वसन योजना राबविताना किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी, असा नियम सध्या आहे. उरलेल्या जागेवर इमारती होतात. या धोरणाविरुद्ध २००२ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये निकाल दिला. मोकळ्या जागेची गरज आणि तेथे राहणाऱ्या कुटुंबांचा निवाऱ्याचा हक्क या दोन्हींचा विचार करून न्यायालयाने ३५ टक्क्यांचा नियम वैध ठरविला.

तिसरा प्रकार नव्या गृहसंकुलांतील मोकळ्या जागेचा. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना काही भाग रहिवाशांच्या मनोरंजनासाठी सोडावा लागतो. ही जागा त्या संकुलाची असते, शहराची नव्हे. ती वाहनतळाच्या गच्चीवर, म्हणजे पोडियमवर दाखविण्याची पद्धत रूढ झाली होती. दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरील प्रकल्पासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले की, त्या वेळच्या नियमावलीनुसार सक्तीची किमान मनोरंजन जागा जमिनीवरच असली पाहिजे. पोडियमवर हिरवळ लावता येते, पण वडा-पिंपळाची मुळे तेथे रुजत नाहीत आणि पावसाचे पाणीही जमिनीत मुरत नाही.

असलेले मैदान राखणे

जे मैदान हाती आहे, त्याचा वापर कोणी आणि कसा करावा, हाही वादाचा विषय आहे. शिवाजी पार्क हे कागदोपत्री खेळाचे मैदान. तरीही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपासून आजवरच्या राजकीय सभांचे ते व्यासपीठ राहिले आहे. आवाजाचा त्रास होत असल्याची रहिवाशांची तक्रार ऐकून उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. खेळाच्या मैदानाचा अन्य कारणांसाठी वापर वर्षातील मोजक्याच दिवसांपुरता आणि तात्पुरता करता येतो. त्यासाठी कायद्यात कलम ३७-अ आहे.

देखभालीचा खर्च पेलवत नाही म्हणून मैदाने खासगी संस्थांना दत्तक द्यावीत, हा पर्यायही वेळोवेळी पुढे आला. काही ठिकाणी, विशेषतः ओव्हल मैदानावर, रहिवाशांच्या पुढाकारातून चांगले काम झाले. अन्यत्र मात्र दत्तक मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सामान्यांना प्रवेश दुरापास्त झाला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले. त्यावर टीका झाल्यानंतर तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि संस्थांकडील भूखंड परत घेण्यास सांगितले.

नागरिकांच्या हाती काय?

आपल्या भागातील रिकामा भूखंड कशासाठी राखीव आहे, हे शोधणे अवघड नाही. भूखंडाचा सर्वेक्षण क्रमांक ठाऊक असेल, तर महापालिकेकडून विकास आराखड्याचा शेरा, म्हणजे 'डीपी रिमार्क' मिळतो. त्यात आरक्षणाचा प्रकार नमूद असतो. मालकाची सूचना आली आहे का, आली असल्यास संपादनाची कार्यवाही कुठवर आली आहे, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव असल्यास कलम ३७ नुसार हरकती व सूचना मागविल्या जातात. त्यासाठीची मुदत मर्यादित असते आणि ती उलटल्यानंतर केलेल्या तक्रारींना फारसा अर्थ उरत नाही.

शिवाजी पार्कच्या वेळी जमीन मोकळी होती, आज ती नाही. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीसारखे २८ एकरांचे मैदान शहराच्या मध्यभागी नव्याने मिळणे कठीण आहे. मात्र गल्लीच्या टोकाला असलेला, नकाशावर हिरवा रंगविलेला छोटा भूखंड अजूनही मुलांच्या खेळासाठी मिळू शकतो. त्यासाठी रहिवाशांनी त्याचा क्रमांक आणि त्याची मुदत २०२८ पूर्वीच शोधून ठेवायला हवी.